विजेच्या गिटारचा भोपळा

शिरवळ हें पुणें-सातारा रस्त्यावरचें नीराकांठचें गांव. एके काळीं येथील वाड्यांतून तिन्हीसांजेला पेटीचे सूर ऐकूं आले, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्याचें कौतुकच वाटे. भिंती जाड होत्या आणि पेटीचा आवाजही बेताचा. गांवाभोंवतीं कारखाने उभे राहिल्यापासून वाड्यांच्या जोडीस सदनिका आल्या, भिंती पातळ झाल्या आणि शेजार अगदीं अंगाशीं येऊन भिडला. अशा एखाद्या सदनिकेंतील पंधरा-सोळा वर्षांची मुलगी अगर मुलगा 'मला इलेक्ट्रिक गिटारच हवी' असा हट्ट धरून बसतो, तेव्हां आईबाप गिटारच्या किंमतीची चौकशी करितात, शिकवणी कोठें मिळेल तें पाहतात. परंतु गिटारबरोबर जें दुसरें यंत्र घरांत शिरणार असतें, त्याचा विचार सहसा पुण्याच्या दुकानांत पोंचल्यावरच होतो. मग दुकानदार जें पुढें करील तें घेऊन मंडळी परत येतात, आणि आठ दिवसांत खालच्या मजल्यावरून निरोप येतो. हें दुसरें यंत्र म्हणजे अँप्लिफायर. त्याविषयीं चार गोष्टी आधींच ठाऊक असल्या, तर पैसाही वांचेल, शेजारही टिकेल आणि मुलाची हौसही अर्ध्यावर मरणार नाहीं.

विजेच्या गिटारला पोट नसतें. साध्या गिटारची पेटी पोकळ असल्यामुळें तारेचा कंप तिच्यांत घुमतो व खोलीभर ऐकूं येतो. विजेच्या गिटारचें अंग बहुधा भरींव लांकडाचें असतें. तिच्या तारांखालीं लोहचुंबक आणि त्याभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचीं हजारों वेटोळीं बसविलेलीं असतात. यालाच पिकअप म्हणतात. पोलादी तार हालली कीं या वेटोळ्यांत अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. त्याला बळ देऊन स्पीकरपर्यंत पोंचविणें एवढेंच अँप्लिफायरचें काम, अशी पुष्कळांची समजूत असते. आणि येथेंच पहिली चूक होते. सभेंतला ध्वनिवर्धक वक्त्याचा आवाज जसाच्या तसा मोठा करील तर तो उत्तम. गिटारचा अँप्लिफायर आवाज मोठा करितां करितां त्याचा स्वभावच ठरवितो. तो तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखा आहे. भोपळा काढून घेतला तर मागें जें उरेल, त्याला कोणी तंबोरा म्हणणार नाहीं.

ही उपमा केवळ अलंकारासाठीं दिलेली नाहीं. शिरवळाहून सातारा-कऱ्हाड करीत मिरजेस गेलें, तर तेथें पिढ्यान् पिढ्या सतारी व तंबोरे घडविणारीं घराणीं आजही काम करीत आहेत. त्यांच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील मोठे भोपळे वाळवून, कापून, त्यांवर तबली बसविण्याचें कौशल्य तर त्यांच्यापाशीं आहेच. पण खरा कस लागतो तो जवारी काढतांना. घोडीच्या किंचित् फुगीर पृष्ठावर तार टेकलेली असते. तिच्याखालीं सुताचा धागा हलके हलके सरकवीत नेला, कीं एका नेमक्या जागीं तार एकदम बोलूं लागते. वास्तविक पाहतां हा तारेच्या व घोडीच्या पुनःपुन्हा होणाऱ्या स्पर्शाचा झणत्कार, म्हणजे एक प्रकारची खरखरच. पण तिच्यामुळें मूळ स्वराच्या वरचे अनेक उपस्वर जागे होतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं याच घोडीवर शास्त्रीय निबंध लिहिला, आणि तार ज्या बिंदूवर छेडली असतां जे उपस्वर नियमाप्रमाणें उमटूंच नयेत, तेही या वाद्यांतून स्पष्ट ऐकूं येतात हें दाखवून दिलें.

आतां विजेच्या गिटारचा जो दाटलेला, गुरगुरता आवाज आमच्या वडील मंडळींच्या कानांना खुपतो, तो या जवारीचाच दूरचा चुलतभाऊ आहे. अँप्लिफायरला त्याच्या शक्तीपलीकडे राबविलें, तर ध्वनिलहरीचे माथे सपाट होतात, आणि माथे सपाट होतांच मूळ स्वरांत नसलेले उपस्वर त्यांत मिसळतात. प्रथम प्रथम हा यंत्राचा दोषच गणला जाई. पुढें वादकांना त्यांत रस सांपडला. अमेरिकेंत लिंक रे यानें १९५८ सालच्या आपल्या एका ध्वनिमुद्रिकेसाठीं स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीनें भोंकें पाडलीं. इंग्लंडांत डेव्ह डेव्हिस यानें १९६४ सालीं तोच कागद पात्यानें चिरला. तंबोऱ्याच्या घोडीखालीं सूत सरकविणाऱ्या कारागिराला हा प्रकार आडदांड वाटेल, पण उद्देश तोच. आणखी एक मौज आहे. असा आवाज लावून अनेक स्वरांचे मिश्र गुच्छ वाजविले तर नुसता चिखल होतो. म्हणून हे वादक बहुधा दोनच स्वर जोडीनें वाजवितात. ते दोन स्वर म्हणजे षड्ज आणि पंचम! तंबोऱ्याच्या जुळणीचें मर्म हजारों मैलांवर, विजेच्या मार्गानें, पुनः सांपडलें असें म्हणण्यास हरकत नाहीं.

हा आवाज घडविणारीं यंत्रें प्रथम कांचेच्या निर्वात नळ्यांचीं, म्हणजे व्हॉल्व्हचीं, असत. घरोघरच्या जुन्या रेडिओंत तापून लालसर दिसणाऱ्या ज्या नळ्या असत, त्याच ह्या. फिलिप्स कंपनीची 'ईएल ८४' ही नळी कित्येक घरगुती रेडिओंत होती. इंग्लंडांतील 'व्हॉक्स एसी ३०' या नामांकित अँप्लिफायरांत तिच्याच चार नळ्या बसविलेल्या असतात. अमेरिकेंत लिओ फेंडर यानें मोठ्या खर्जाच्या गिटारसाठीं 'बासमन' नांवाचा अँप्लिफायर केला, आणि लंडनजवळ जिम मार्शल या दुकानदाराच्या माणसांनीं १९६२ सालीं त्याचाच आराखडा समोर ठेवून, तेथें मिळतील ते भाग वापरून, आपला पहिला अँप्लिफायर बांधला. भाग बदलले तसा आवाज बदलला, आणि नक्कल मूळ वस्तूइतकीच प्रसिद्ध झाली. हा मार्शल स्वतः गिटार वाजविणारा नव्हता. तो ड्रम वाजवी व शिकवी.

नळ्यांच्या यंत्राचा गोडवा नाकारतां येणार नाहीं. नळी एकदम तुटल्यासारखी न वागतां हळूहळू शरण येते. बोटाचा जोर किंचित् कमी केला कीं आवाज स्वच्छ होतो, वाढविला कीं खरबरीत होतो. परंतु पहिल्या खरेदीसाठीं तें यंत्र घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. एक तर त्याचा खरा स्वर तें मोठ्यानें वाजविल्यावरच खुलतो. दुसरें, नळ्या झिजतात व बदलाव्या लागतात. बंगळूरचा भारत इलेक्ट्रॉनिक्स हा कारखाना एके काळीं आपल्या देशांतच नळ्या करीत असे, आज त्या मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया व चीन या देशांतून येतात. तिसरें कारण अधिक गंभीर आहे. अशा यंत्राच्या पोटांत तीनशें ते पांचशें व्होल्ट दाब खेळत असतो, आणि वीज बंद करून पिन काढल्यावरही तो आंतील कपॅसिटरांत कांहीं काळ टिकून राहतो. घरांत स्क्रू-ड्रायव्हर घेऊन प्रत्येक वस्तु उघडून पाहणारा मुलगा असेल—आणि अशीं मुलें बहुतेक घरांत असतात—तर ही गोष्ट त्याला आधींच बजावून सांगावी. परदेशांतील आप्तांनीं अमेरिकेहून असलें यंत्र आणलें, तर तें तेथील १२० व्होल्टांचें असण्याचा संभव असतो. आपल्या २३० व्होल्टांच्या पिनेंत तें थेट लावलें तर क्षणांत जळून जाईल.

वॅटच्या आंकड्याचा मोह तर सर्वांत फसवा. दुकानांत शंभर वॅटांचा अँप्लिफायर पन्नास वॅटांच्या दुप्पट मोठा वाजेल असें गिऱ्हाइकास वाटतें. कानाचें गणित तसें नाहीं. शक्ति दुप्पट केली कीं ध्वनि फक्त तीन डेसिबेलांनीं वाढतो, म्हणजे थोडासा. कानाला दुप्पट वाटण्यासाठीं शक्ति जवळजवळ दहापट करावी लागते. म्हणजे शंभर वॅटांच्या यंत्राचा आवाज दहा वॅटांच्या यंत्राच्या दुप्पटच. उलट, गिटारचे स्पीकर फार जागरूक असतात. एका वॅटवर एक मीटर अंतरावर साधारण पंचाण्णव ते शंभर डेसिबेल इतका आवाज ते देतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी वस्तीसाठीं दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबेल ही मर्यादा घातलेली आहे. तेव्हां सदनिकेंतील दहा फुटी खोलीला एक वॅटही पुष्कळ झाला, हें ध्यानांत घ्यावें. मोठी शक्ति मंडपाला लागते. माजघराला लागत नाहीं.

मग घरांत करावें काय? येथें संगणकानें मोठीच सोय केली आहे. अँप्लिफायरच्या प्रत्येक भागाचें वर्तन गणितांत मांडून, गिटारचा प्रवाह त्या गणितांतून पार केला, तर नळ्यांवांचून नळ्यांचा आवाज मिळतो. १९९८ सालीं लाइन सिक्स या अमेरिकन कंपनीनें 'पॉड' नांवाचें घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचें लाल यंत्र काढलें, त्यापासून ही विद्या घरोघर पोंचूं लागली. २०११ सालीं जर्मनीच्या क्रिस्टोफ केंपर यांनीं निराळा मार्ग दाखविला: प्रत्यक्ष अँप्लिफायरमधून ठराविक ध्वनि सोडावयाचे, तो त्यांचें काय करितो तें टिपावयाचें व त्याची छबी उतरवून घ्यावयाची. आतां हेंच काम संगणकास शिकवून करवितात; खऱ्या यंत्रांत काय गेलें आणि काय बाहेर आलें हें त्याला पुनःपुन्हा ऐकविलें, कीं तो स्वतः तसेंच करूं लागतो. स्टीव्हन ॲटकिन्सन यांनीं तयार केलेलें 'न्यूरल अँप मॉडेलर' हें या जातीचें सॉफ्टवेअर तर विनामूल्य मिळतें. एका बाजूस हजारों रुपयांचीं यंत्रें आणि दुसऱ्या बाजूस फुकट मिळणारें हें साधन, यांतील अंतर कानाला जितकें वाटतें त्यापेक्षां जाहिरातींतच अधिक असतें.

आपल्या घरांना हें मुळींच नवें नाहीं. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनीं १९७९ सालीं विजेवर चालणारा तंबोरा काढला. आणि पहाटेच्या रियाजाला तंबोरा जुळविणारें दुसरें माणूस घरांत नसलें तरी अडेनासें झालें. आज तो तंबोरा व त्याच्या जोडीला तबला, दोन्ही फोनमध्यें येऊन बसले आहेत. ज्या आजी त्या पेटीवर रोज सकाळीं षड्ज लावतात, त्यांनीं नातवाच्या संगणकांतील अँप्लिफायरला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं; दोघेही नकलेवरच गातात-वाजवितात. मात्र ज्यानें मिरजेचा जवारीदार तंबोरा मांडीवर घेऊन छेडला आहे, त्याला पेटींतल्या सुरांत काय उणें आहे तें सांगावें लागत नाहीं. लांकूड थरथरतें, तो थरार हाताला व छातीला लागतो. खरा स्पीकर जवळ असला कीं त्याची हवा गिटारच्या तारांवर येऊन आदळते आणि स्वर लांबतो. हेडफोनमध्यें तें घडत नाहीं. आणि नक्कल मुळावांचून होत नाहीं. ज्याची छबी उतरवावयाची तें खरें यंत्र कोणी तरी बांधून, जपून ठेवलेलें असावें लागतें. तसेंच मिरजेचे हात थांबले, तर विजेच्या पेट्यांना नक्कल करण्यासाठीं पुढें काय मिळणार, हा प्रश्न मानांकनाच्या कागदानें सुटणारा नाहीं.

आतां प्रत्यक्ष खरेदीकडे वळूं. ज्या घरीं बरा संगणक आहे, तेथें फक्त एक लहान ऑडिओ इंटरफेस घ्यावा. ही डबी गिटारचा प्रवाह आंकड्यांत बदलून संगणकास देते. घेतांना तिच्यावर वाद्यासाठीं निराळें भोंक आहे ना, हें अवश्य पाहावें. मायक्रोफोनच्या भोंकांत गिटार लावली तर तिचा स्वर निर्जीव होतो, आणि मग दोष गिटारला दिला जातो. संगणकांतून आवाज परत येण्यास जो विलंब लागतो, त्याची मात्र पुष्कळांना उगीच भीति वाटते. ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. म्हणजे खऱ्या अँप्लिफायरपासून साडेतीन मीटर दूर उभें राहिलें, तरी एक सेकंदाचा शंभरावा भाग उशीर होतोच, आणि तो कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. विलंब या मर्यादेच्या आंत ठेवला म्हणजे झालें. त्यासाठीं इंटरफेसच्या कंपनीनें दिलेला ड्रायव्हर बसवावा. विंडोजच्या सर्वसाधारण ध्वनिमार्गानें वाजवूं गेल्यास बोट आणि स्वर यांची फारकत जाणवते, आणि मूल कंटाळून गिटार कोपऱ्यांत ठेवतें.

अशा घरीं आणखी एक घोटाळा नेहमीं होतो. संगणकांतील अँप्लिफायरबरोबर त्याच्या स्पीकरच्या खोक्याचीही नक्कल असते. ती चालू ठेवूनच हेडफोनवर अगर घरच्या गाण्याच्या स्पीकरवर ऐकावें. गिटारचा स्पीकर सेकंदास सुमारें पांच हजार कंपनांच्या वरचे सूर फारसे ऐकवीतच नाहीं, आणि म्हणूनच खरखर सुसह्य होते. ही चाळण काढून टाकली तर भिंगरी फिरविल्यासारखा कर्कश आवाज येतो. उलट, हीच नक्कल खऱ्या गिटार-अँप्लिफायरमधून सोडली तर चाळणीवर चाळण बसून स्वर घोंगडींत गुंडाळल्यासारखा होतो. घूं-घूं असा आवाज येत राहिला तर प्रथम लॅपटॉपची चार्जरची पिन काढून पाहावी. तो थांबला तर दोष बहुधा अर्थिंगचा. जुन्या वाड्यांतील दोन भोकांच्या सॉकेटवर कोणतेंही वाद्य लावण्यापूर्वीं वायरमनला बोलावून तिसरी तार घालून घेणें हें गिटारपुरतेंच नव्हे, जिवासाठींही अगत्याचें आहे.

संगणक नसेल, किंवा तो मुलाच्या हातीं अधिक वेळ द्यावयाचा नसेल—आमचा स्वतःचा कल याच बाजूस आहे—तर नक्कल करणारा लहान अँप्लिफायर घ्यावा. बॉसचा कटाना, यामाहाचा टीएचआर, पॉझिटिव्ह ग्रिडचा स्पार्क हे या वर्गांतले परिचित आहेत. त्यांचे लहान नमुने टेबलावर मावतात व हेडफोनही लावूं देतात. यंत्र समोर असलें, त्याच्या चार कळा हातानें फिरवितां आल्या, कीं मुलगी वाजवावयास बसते. संगणकावर शंभर अँप्लिफायर समोर आले, कीं ती संध्याकाळभर निवडीतच बसते. आम्ही असे कित्येक तरुण पाहिले आहेत, ज्यांच्या संगणकांत जगांतील सर्व नामांकित यंत्रें आहेत आणि बोटांत एकही गत पूर्ण नाहीं. पहिले सहा महिने एक स्वच्छ आवाज व एक खरबरीत, एवढ्यावर भागवावें. उरलेल्या पैशांतून गिटारची मांडणी जाणत्याकडून नीट करून घ्यावी: तारांची उंची, पडद्यांची घासणी, नव्या तारा. तारा उंच असल्या तर कोणताही अँप्लिफायर बोटांचें दुखणें बरें करीत नाहीं, आणि नव्या शिकणाऱ्याचा धीर बहुतेक तेथेंच खचतो.

हेडफोनविषयीं आयांनीं विशेष जागरूक असावें. शेजाऱ्यांची तक्रार थांबली म्हणजे प्रश्न मिटला असें नव्हे. आवाज भिंतीपलीकडे जाण्याऐवजीं आतां सगळा कानांतच जात असतो. ८५ डेसिबेल आवाज दिवसांतून आठ तासांपेक्षां अधिक सोसूं नये असा श्रवणतज्ज्ञांचा दंडक आहे, आणि त्यावर प्रत्येक तीन डेसिबेलांस ही मुदत निम्मी होते: ८८ला चार तास, ९१ला दोन. गिटारच्या आवेशांत कळ किती पुढें गेली हें वाजविणाऱ्यास कळत नाहीं. आईनें मधूनच हेडफोन आपल्या कानाला लावून पाहावा. तिला तो दूर करावासा वाटला तर कळ मागें आणवावी. वाजवून उठल्यावर कानांत शिट्टी वाजत राहिली, तर त्या दिवशीं पुनः गिटारला हात लावूं देऊं नये.

शिरवळाहून पुणें पन्नास किलोमीटर. तेव्हां खरेदीस जाणारच असाल तर दुपारचा निवांत वेळ धरून जावें आणि गिटार आधीं घेतलेली असल्यास तीच बरोबर न्यावी. दुकानांतील महाग गिटारवर ऐकलेला अँप्लिफायर घरच्या गिटारवर निराळाच बोलतो. दुकानदार बहुधा यंत्र मोठ्यानें वाजवून दाखवील, कारण मोठा आवाज पहिल्या ऐकण्यांत नेहमींच चांगला वाटतो. त्याला कळ इतकी खालीं आणावयास सांगावें, कीं शेजारीं उभें राहून साधें बोलणें ऐकूं यावें. मग मुलीनें एकच तार हलक्या हातानें, नंतर जोरानें छेडावी. दोन्ही वेळां स्वराचा पोत बदलला तर यंत्र बोटांचें ऐकतें आहे. न बदलला तर त्यावर कितीही दिवे लुकलुकत असोत, पुढचें दुकान पाहावें.